२२ लिटरची गाय ११ लिटरवर का आली?

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातून एका भगिनींनी पत्र लिहिले आहे. यजमान औद्योगिक वसाहतीत कामाला असल्याने पाच संकरित गायींचा गोठा त्या आणि त्यांच्या सासूबाईच सांभाळतात. फेब्रुवारीत बचत गटातून कर्ज काढून त्यांनी एका व्यापाऱ्याकडून होलस्टीन संकरित गाय घेतली. गाय तिसऱ्या वेताची होती आणि तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली होती. ती दिवसाला २२ लिटर दूध देते असे व्यापाऱ्याने सांगितले आणि एक धार समोर काढूनही दाखवली. घरी आल्यावर गाय मार्चमध्ये कशीबशी १७ लिटरपर्यंत गेली आणि आता मेच्या मध्यावर ११ लिटरवर आली आहे. इतर चार गायींचे दूधही घटले असून संकलन केंद्रावर फॅट ३.१ लागत असल्यामुळे दर कापला जातो. दूध वाढावे म्हणून त्या नव्या गायीला रोज गोळी पेंड आणि सरकी पेंड मिळून १० किलो घालतात. एप्रिलपर्यंत उसाचे वाढे होते. आता हिरवा चारा नसल्याने ऊसच तोडून त्याची बारीक कुट्टी चालू आहे आणि कडबा महागल्यामुळे बंद केला आहे. गायी पत्र्याच्या गोठ्यात दिवसभर दावणीला असतात, पाणी सकाळ-संध्याकाळ दाखवले जाते आणि एप्रिलपासून धारा काढायला नवा माणूस येतो. दृष्ट लागली असे सासूबाई म्हणतात, मुलगा पेंडेची कंपनी बदलायला सांगतो, शेजारी पान्हा सोडण्याचे इंजेक्शन सुचवतात आणि व्यापारी वर पैसे घेऊन गाय बदलून द्यायला तयार आहे. ‘माझी फसवणूक झाली का? गाय बदलू की पेंड बदलू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नात दोनच पर्याय आहेत आणि दोन्हींमागे एकच समजूत आहे, की दूध घटण्याला कोणीतरी एक दोषी आहे आणि तो सापडला की काम झाले. पत्र मात्र तुम्ही इतक्या बारकाईने लिहिले आहे, की दूध कमी होण्याची निदान सहा कारणे त्यातच दिसतात. त्यांपैकी गायीच्या जातीकडे किंवा पेंडेच्या कंपनीकडे बोट दाखवणारे एकही नाही. पाचही गायींचे दूध एकाच काळात घटले, हे तुम्ही ओघात लिहिलेले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नवी गाय खोटी निघाली असती तर जुन्या चौघींचे दूध उतरायला काही कारण नव्हते.

दूध गायीच्या रक्तातच असावे लागते असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढे नाही. एका गायीच्या आणि दुसऱ्या गायीच्या दुधात जो फरक दिसतो, त्याचा साधारण पंचवीस ते तीस टक्के भागच आनुवंशिकतेने ठरतो. उरलेला सगळा भाग खाणे, पाणी, हवामान, आरोग्य, व्याल्यापासूनचे दिवस, वेताचा क्रम आणि धार काढण्याची पद्धत यांवर अवलंबून असतो. वळूची निवड आणि कृत्रिम रेतन यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही, कारण चांगल्या वळूच्या रेतनाने पुढच्या पिढीची क्षमता वाढते. परंतु ती क्षमता कॅनमध्ये उतरते की नाही, हे गोठ्यात ठरते.

आता तुमचे नुकसान नेमके किती झाले ते पाहू. २२ मधून ११ गेले म्हणजे निम्मे दूध गेले, असा हिशेब तुम्ही मांडला आहे आणि तेवढ्यानेच तुमची झोप उडाली आहे. व्याल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी गाय तिच्या वेतातल्या सर्वाधिक दुधावर पोहोचते आणि त्यानंतर दूध दरमहा सुमारे आठ ते दहा टक्क्यांनी उतरत जाते. हा निसर्गक्रम आहे, त्यात गायीचा दोष नाही. तुमची गाय मार्चच्या मध्यावर १७ लिटर देत होती. त्या हिशेबाने दोन महिन्यांनी तिने सुमारे १४ लिटर द्यायला हवे होते आणि ती ११ देते. म्हणजे आज शोधायचे आणि परत मिळवायचे दूध तीन लिटरच्या आसपास आहे. ते नुकसान लहान नाही, पण त्यासाठी गाय विकावी इतके मोठेही नाही.

आणि मुळातल्या २२ लिटरचे काय? तुम्ही एकच धार पाहिली. आदली धार न काढता कास भरलेली ठेवायची आणि मग गिऱ्हाईकासमोर धार काढायची, ही बाजारातली जुनी रीत आहे. त्यात दूध फेसासकट मापाने मोजले तर आकडा आणखी फुगतो. तुमच्या व्यापाऱ्याने तसे केलेच असेल असे मी म्हणत नाही, पण एका धारेवरून २२ हा आकडा सिद्ध होत नाही आणि ज्या आकड्याची खातरजमाच झाली नाही त्याच्याशी रोज तुलना करून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे. व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे दूध वेगाने वाढत असते, पण गायीची भूक त्या वेगाने वाढत नाही. कमी पडलेली ऊर्जा ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. नेमक्या त्या दिवसांत तुमच्या गायीने टेम्पोतून प्रवास केला आणि जागा, माणसे, चारा, सोबतच्या गायी हे सगळे एकदम बदलले. अशी गाय तिच्या खऱ्या उच्चांकावर पोहोचत नाही. उच्चांकात एक लिटर कमी पडला तर संपूर्ण वेतात साधारण २०० लिटरचा फरक पडतो, असा ठोकताळा आहे. म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो, या वेतात ती २२ लिटरवर जाणार नाही. तिची खरी ताकद पुढच्या वेतात, तुमच्याच गोठ्यात भाकड काळ (दूध आटवून विश्रांती देण्याचा काळ) नीट गेल्यावर कळेल.

सासूबाईंचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नका. धार काढणारा नवा माणूस आल्यापासून गायी बिथरतात, दूध चोरतात, हे त्यांनी पाहिले असणार. त्या कारण दृष्ट लागल्याचे देत असल्या तरी त्यांचे निरीक्षण खरे आहे आणि त्याच्याकडे मी पुढे वळणार आहे.

पहिले काम मात्र पाण्याचे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. एक लिटर दुधामागे गायीला तीन ते पाच लिटर पाणी लागते, शिवाय शरीराची स्वतःची गरज वेगळी. मेच्या उन्हात तुमच्या गायीला दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी हवे. दोन वेळा दाखवलेल्या पाण्यात ती एवढे पिऊ शकत नाही, विशेषतः संध्याकाळचे पाणी दिवसभर ऊन लागून तापलेले असेल तर. गायीला सर्वांत जास्त तहान धार काढून झाल्यावर आणि वैरण खाल्ल्यावर लागते आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक गोठ्यांत तिच्यासमोर पाणी नसते. शिवाय पाणी कमी पडले की ती चाराही कमी खाते, म्हणजे दूध दोन्हीकडून घटते. गव्हाणीशेजारी, सावलीत, चोवीस तास भरलेली टाकी राहील अशी सोय करा. सिमेंटची लहान टाकी आणि फ्लोट व्हॉल्व्ह यांना फार खर्च येत नाही. टाकी दर तीन-चार दिवसांनी घासून आतून चुना लावा, कारण शेवाळलेले पाणी गाय तोंड लावून सोडून देते. एवढ्या एका बदलाचा परिणाम तुम्हाला आठवडाभरात वहीत दिसेल. (वही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा. प्रत्येक गायीचे सकाळचे आणि संध्याकाळचे दूध वेगवेगळे, फेस बसू देऊन किंवा काट्यावर मोजून लिहा. पाच गायींचे दूध एका कॅनमध्ये जात राहिले तर कोणाचे काय चालले आहे हे कोणालाच कळणार नाही.)

पाण्याला जोडूनच उन्हाचा विचार करावा लागतो. होलस्टीन रक्ताच्या गायीला साधारण २५ अंशांपर्यंतचे तापमान सुखाचे असते. मे महिन्यात तुमच्या पत्र्याखाली दुपारी किती तापमान होत असेल, हे तुम्हीच उभे राहून अनुभवा. गाय तापली की ती खाणे कमी करते, रवंथ थांबवते आणि धापा टाकण्यात ऊर्जा घालवते. दुपारी दोन वाजता शांत उभ्या गायीच्या कुशीची हालचाल घड्याळ लावून मोजा. श्वास मिनिटाला ६० च्या वर जात असेल तर तिच्यावर उष्णतेचा ताण आहे हे निश्चित समजावे. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या, त्यावर उसाचे पाचट पसरा आणि बाजूने हवा खेळती राहील एवढी जागा उघडी ठेवा. अंगावर पाणी मारत असाल तर पंखाही हवाच. हवा न फिरता नुसते पाणी मारले तर गोठ्यात दमटपणा वाढतो आणि गायीचा त्रासही वाढतो. मुख्य चारा पहाटे आणि रात्री नऊनंतर घाला. दुपारी समोर टाकलेली वैरण तशीच पडून राहते आणि मग आपण म्हणतो की गाय खात नाही.

दावणीचाही एकदा विचार करा. गायीला दिवसातले जवळपास बारा तास बसायला मिळाले पाहिजे. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते आणि गाय बसलेली असताना कासेकडचा रक्तपुरवठा वाढतो. आखूड दाव्यावर, कडक फरशीवर उभी राहिलेली गाय पाय दुखवून घेते आणि दूधही घालवते. आपल्या भागात आता अनेकांनी स्वीकारलेला मुक्त संचार गोठा तुमच्या पाच गायींसाठीही शक्य आहे. किमान हिशेब एका गायीला ४० चौरस फूट छपराखाली आणि ८० चौरस फूट मोकळी जागा असा आहे. गोठ्यालगत झाडाची सावली असेल तर बांबूचे किंवा जाळीचे कुंपण घालून तेवढी जागा बंदिस्त करता येईल. गव्हाण आणि पाणी कायम समोर असेल तर गायी स्वतःच्या वेळेने खातात, पितात आणि बसतात, आणि तुमचे सोडण्या-बांधण्याचे कष्टही वाचतात.

आता खाण्याकडे येतो आणि इथे मला तुमच्या मनातल्या दुसऱ्या समजुतीला हात घालायचा आहे. पेंड जास्त घातली की दूध जास्त मिळते, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. तुमची गाय अंदाजे ४५० किलोची धरली तर तिला दिवसाला १४ ते १५ किलो कोरडा भाग, म्हणजे पाण्याचा अंश वजा करून उरणारे खाद्य, लागतो. त्यात निम्म्याहून अधिक वाटा चाऱ्याचा असावा. १० किलो पेंडेतूनच ९ किलोच्या आसपास कोरडा भाग तिच्या पोटात जातो, म्हणजे चाऱ्याला जागा उरते पाच-सहा किलोची आणि तीही तुम्ही उसाच्या बारीक कुट्टीने भरता. उसात साखर भरपूर आणि प्रथिने अगदी कमी. कडबा नाही म्हणजे लांब तंतूचा, चावून चावून खायचा चारा नाही. अशा खाण्याने गायीच्या पहिल्या पोटात आम्लता वाढते. रवंथ कमी झाला की लाळ कमी, लाळ कमी म्हणजे ती आम्लता सौम्य करणारे द्रव्य कमी. तंतूवर जगणारे जिवाणू मरतात आणि दुधातली स्निग्धता ज्या पदार्थांपासून बनते ते तयार होत नाहीत. तुमचे फॅट ३.५ च्या खाली ३.१ वर येण्याचे एक मोठे कारण हेच असावे असे मला वाटते.

हे तपासायला प्रयोगशाळेची गरज नाही. खाऊन झाल्यावर, गायी निवांत बसलेल्या असताना गोठ्यात जा. बसलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक गायी रवंथ करत असल्या पाहिजेत आणि एका घासाला साधारण ५० ते ६० वेळा जबडा हलला पाहिजे. शेण पातळ, फेसाळ, त्यात न पचलेले दाणे आणि सरकीची टरफले दिसत असतील तर माझा अंदाज बरोबर आहे असे समजा.

मग किती पेंड घालावी? संकरित गायीसाठी शरीराच्या पोषणाला दीड ते दोन किलो आणि त्यावर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असा सोपा हिशेब आहे. ११ लिटरला सहा-साडेसहा किलो पुरतात. आपल्याला ती १४ वर न्यायची आहे म्हणून १४ लिटरच्या हिशेबाने सात ते साडेसात किलो द्या, त्याहून अधिक नको. ती दोनऐवजी तीन-चार वेळा विभागून द्या आणि आधी थोडी कोरडी वैरण खाऊ घाला. आजच एकदम अडीच किलो कमी करू नका; आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवा, कारण पोटातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. तुम्ही पेंडेचा भाव ३४ रुपये किलो लिहिला आहे. अडीच किलो वाचले तर एका गायीमागे रोज ८५ रुपये, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या वर रक्कम हाती राहते. त्या पैशातून कडबा घ्या. तो महाग आहे हे मान्य, पण पेंडेपेक्षा महाग नाही आणि तो बंद करून वाचवलेले पैसे संकलन केंद्रावर दरकपातीत जात आहेत. रोज चार किलो तरी कडबा, एक-दीड इंचाच्या तुकड्यांत, फार बारीक न करता द्या. उसाचे प्रमाण कमी करत न्या आणि शक्य तिथून हिरवा मका किंवा थोडी लसूणघास मिळवा.

वाढ्यांबद्दल एक गोष्ट पुढच्या हंगामासाठी लक्षात ठेवावी. वाढ्यांत ऑक्झलेट असते आणि ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते. वर्षानुवर्षे नुसत्या वाढ्यांवर असलेल्या गायी म्हणूनच झिजतात, माजावर नीट येत नाहीत आणि व्याल्यावर दुग्धज्वराने बसतात. वाढे घालायचेच असतील तर कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडून, कडब्यात मिसळून घाला. खनिज मिश्रण तर बाराही महिने चुकवू नका. दुधाच्या प्रमाणात रोज ५० ते १०० ग्रॅम पुरते. चाऱ्यावर खरा तोडगा मुरघासाचा आहे. पावसाळ्यात आफ्रिकन टॉलसारखा चाऱ्याचा मका करा, दाणे चिकात असताना कापा, कुट्टी करून खड्ड्यात किंवा पिशव्यांत घट्ट दाबून हवाबंद करा. दीड महिन्यात तो तयार होतो आणि पुढच्या एप्रिल-मेमध्ये उसाला हात लावायची वेळ येत नाही.

मुलाला सांगा की पेंडेची कंपनी बदलण्याचा विचार महिनाभर बाजूला ठेवूया. नवे खाद्य एकदम सुरू केले तर दूध आणखी घसरेल आणि घसरण कशाने झाली तेही कळणार नाही. पोत्यातली पेंड बुरशीची किंवा गुठळ्या धरलेली नाही ना, एवढे मात्र त्याला रोज पाहू द्या.

आता धार काढणाऱ्याबद्दल. दूध कासेत असणे आणि ते सडात उतरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कास धुऊन, पुसून हलके चोळले की मिनिट-दीड मिनिटात गाय पान्हा सोडते आणि तो पान्हा साधारण पाच ते सात मिनिटेच टिकतो. तेवढ्या वेळात कास रिकामी झाली पाहिजे. माणूस ओरडणारा असेल, घाईत असेल किंवा पाच गायींच्या कासा एकदम धुऊन मग एकेकीकडे वळत असेल, तर शेवटच्या गायीचा पान्हा तो पोचेपर्यंत ओसरलेला असतो. घाबरलेली गाय तर पान्हा सोडतच नाही. कासेत राहिलेले शेवटचे दूध सर्वांत स्निग्ध असते, त्यामुळे अर्धवट धारेने दूध आणि फॅट दोन्ही घटतात. शिवाय कास वारंवार पूर्ण रिकामी झाली नाही तर ती पुढचे दूध बनवणेच कमी करते. म्हणजे एप्रिलपासून रोज थोडे थोडे मागे राहिलेले दूध आज कायमच्या घटीत बदलत असण्याची शक्यता आहे.

याचीही परीक्षा सोपी आहे. तो माणूस धार काढून गेला की नव्या गायीचे चारही सड तुम्ही स्वतः निथळून पाहा. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त दूध निघाले तर उत्तर मिळाले. त्याला समजावून सांगा. अंगठा मुडपून सड ओढण्याऐवजी पूर्ण मुठीने धार काढायला सांगा. आणि तरीही फरक पडला नाही तर काही दिवस सासूबाईंना त्या गायीपाशी बसवा. त्यांच्या हातावर गायी शांत राहतात, हा त्यांचा अनुभव या वेळी कामाला येऊ द्या.

अर्धवट धारेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर असतो. सुप्त स्तनदाहात कास सुजत नाही, दूध फुटत नाही, गाय आजारीही दिसत नाही, फक्त दूध घटत जाते. म्हणून पशुवैद्यकांना बोलावून पाचही गायींची, असा स्तनदाह ओळखणारी सीएमटी चाचणी करून घ्या. चार खणांच्या थाळीत प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन तेवढेच द्रावण मिसळतात आणि दोषी सडाचे दूध लगेच दाट, चिकट होते. काही मिनिटांचे काम आहे. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने सोडू नका आणि उपचार चालू असतील त्या गायीचे दूध डॉक्टर सांगतील तितके दिवस केंद्रावर घालू नका. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि समोर वैरण टाकून गायीला अर्धा तास उभी राहू द्या, कारण तेवढा वेळ सडाचे छिद्र उघडे असते आणि शेणात बसलेल्या गायीला जंतुसंसर्ग तिथूनच होतो. डॉक्टर येतील तेव्हा गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या आणि जंतनिर्मूलन कधी झाले होते तेही सांगा. बाहेरून आलेल्या संकरित गायीत गोचीडताप सौम्य स्वरूपात दडून राहिलेला असू शकतो.

शेजाऱ्यांचे इंजेक्शन घेऊ नका, ताई. त्याने दूध तयार होत नाही, तयार झालेले फक्त सोडले जाते आणि काही दिवसांत गाय त्याच्याशिवाय पान्हा सोडेनाशी होते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही आणि तिचीच मला अधिक काळजी वाटते. गाय व्याल्याला साडेतीन महिने झाले; ती माजावर आली का, भरवली का, याबद्दल एक शब्दही नाही. व्याल्यावर साधारण ६० ते ९० दिवसांत गाय भरली पाहिजे, तरच बारा महिन्यांच्या आसपास पुढचे वेत येते. नाहीतर दूध उतरत उतरत चार-पाच लिटरवर येते, गाय रिकामीच राहते आणि खाणे मात्र चालू असते. आजच्या तीन लिटरपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे आहे. उन्हाळ्यात माज मुका असतो, रात्री किंवा पहाटे येऊन जातो. म्हणून रात्री दहाला आणि पहाटे पाचला गोठ्यात एक फेरी मारा आणि चिकट स्राव दिसतो का ते पाहा. तपासणीत गर्भाशयाचा दोष निघाला तर उपचार लगेच सुरू करा. दुसऱ्या एका गायीची धार व्यायच्या महिनाभर आधीपर्यंत चालू होती, असे तुम्ही लिहिले आहे. हप्त्याच्या ओढीने तसे होते हे मी समजू शकतो, पण कासेला दोन महिने विश्रांती मिळाली नाही तर पुढच्या संपूर्ण वेतात दूध कमी पडते. तुमच्या त्या गायीच्या बाबतीत या वेळी तेच झालेले दिसते. यापुढे प्रत्येक गाय व्यायच्या ६० दिवस आधी आटवायची, अशी तारीख वहीत आधीच लिहून ठेवा.

राहिला व्यापाऱ्याचा प्रस्ताव. आज ११ लिटर देणारी, गाभण असल्याची खात्री नसलेली गाय द्याल तर तिचा भाव सर्वांत कमी येईल आणि बदल्यात पुन्हा एक न तपासलेला आकडा घरी येईल. तो आकडा त्याच पत्र्याखाली, त्याच पाण्यावर, त्याच उसाच्या कुट्टीवर दोन महिन्यांत खाली येईल. म्हणून आता गाय बदलू नका. पाणी आणि सावली या आठवड्यात, सीएमटी आणि गर्भ तपासणी डॉक्टर येतील त्या दिवशी, खाण्यातला बदल पुढच्या दहा दिवसांत, असे क्रमाने करा म्हणजे कशाचा किती फायदा झाला हे वहीतून कळेल. पाण्याचा परिणाम लवकर दिसतो, खाण्याचा दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. महिनाभराने दूध १३ च्या आसपास टिकले, किंवा निदान घसरण थांबून फॅट साडेतीनवर आले, तर गाय ठेवा आणि तिला गाभण करण्यावर लक्ष द्या. चाचणीत एखादा सड कायमचा निकामी झालेला निघाला, किंवा योग्य उपचारानंतरही ती वारंवार उलटत राहिली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, तर मात्र विकण्याचा निर्णय घ्यायला संकोच करू नका, फक्त घेणाऱ्याला तो दोष सांगून विका.

आणि पुढे कधी गाय घ्यायची झालीच, तर गोठ्यावर मुक्काम करा. आदल्या संध्याकाळी कास तुमच्यासमोर पूर्ण रिकामी करून घ्या आणि त्यानंतरच्या सकाळ-संध्याकाळच्या दोन धारांचे वजन काट्यावर करून त्याची बेरीज धरा. चारही सडांच्या पहिल्या चिळकांड्या काळ्या कापडावर घेऊन गुठळ्या दिसतात का पाहा, वेत आणि व्याल्याची तारीख लिहून मागा आणि व्याल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात गायीला लांबून आणणे टाळा. व्यापाऱ्याला आज एवढेच कळवा, की महिनाभर थांबते. आणि ही गाय पूर्वी कोणाच्या गोठ्यात होती, तिथे तिला काय खायला मिळत होते आणि मागच्या वेतात ती कितव्या रेतनाला भरली, हे त्याच्याकडून विचारून घ्या. ती माहिती पशुवैद्यकांच्या उपयोगी पडेल.